गटप्रमुख झाले, आता घरचे म्हणतात सोड

ताई,

मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातली. बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव घातलं, यंदा सरांनी गटप्रमुख केलं. त्याशिवाय कॉलेजच्या सांस्कृतिक समितीत आहे, रक्तदात्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप चालवते आणि शनिवारी गावातल्या देवळात चौथी ते सातवीच्या मुलांना वाचायला, गणितं करायला बसवते. दुसऱ्या सेमिस्टरला केमिस्ट्री राहिली. प्रॅक्टिकलची हजेरी 75 टक्क्यांच्या खाली आली आहे. बाबा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत. ते म्हणाले, "तुला शिकाय पाठवलंय, पुढारपण कराय न्हवं." गटातल्या दोन मुली "सगळं तूच करतेस, मग आम्ही कशाला?" म्हणून निघून गेल्या. मागच्या शिबिरात बैलहोंगल तालुक्यातल्या एका गावात बायका माझ्याशी कानडीत बोलत होत्या आणि मला उत्तर देता आलं नाही. त्यात आता 1 नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाचं, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनाचं, सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय, आणि बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून आमच्या घरी आजोबांपासून त्या दिवशी निषेधाची काळी फीत लावतात. सगळं सोडून नुसता अभ्यास करू का? आणि सोडलं तर पुढं एम.एस्सी.च्या मुलाखतीत सांगायला काय राहील?

— एक विद्यार्थिनी


प्रिय मुली,

सगळं सोडू नकोस. दोन कामं सोड, एक मुदतीपुरतं कर आणि एक धरून ठेव. कुठलं कुठलं ते सांगते, पण आधी केमिस्ट्री.

राहिलेला विषय मनाला लावून घेऊ नकोस, पण "बघू नंतर" असंही म्हणू नकोस. त्याची परीक्षा पुन्हा कधी आहे ते परीक्षा विभागाच्या खिडकीवर स्वतः जाऊन विचार आणि अर्जाची शेवटची तारीख वहीत लिहून ठेव. ही चौकशी मैत्रिणीवर सोपवायची नाही. हजेरीचं म्हणशील तर एनएसएसच्या कामात बुडलेले तास बरीच कॉलेजं धरतात, पण कार्यक्रम अधिकाऱ्यांचं पत्र त्या त्या आठवड्यात विभागप्रमुखांकडे पोचलेलं असेल तर. सेमिस्टर संपत आल्यावर चार महिन्यांची पत्रं गोळा करत फिरलीस तर कुणी दाद देणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकणारही नाही. प्रॅक्टिकलला मात्र ही सवलतसुद्धा घेऊ नकोस. थिअरीचा तास मैत्रिणीच्या वहीवरून भरून काढता येतो, टायट्रेशनचा हात घरी बसून येत नाही.

आता एक हिशेब कर. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, आणि तिचा नियम साधा आहे: वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर. 120 तास म्हणजे आठवड्याला जेमतेम अडीच तास. एवढ्यानं कुणाचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बुडत नाही. मग तुझे तास गेले कुठं? मी अनेक शिबिरांत मुलांबरोबर राहिले आहे, त्यामुळे साधारण कल्पना आहे. बॅनर छापून आणणं, पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन येणं, हार, शाल, नारळ, माईकवाल्याला फोन, कार्यक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकणं, पेपरला बातमी देणं. या सगळ्यात सेवा किती आणि सरबराई किती, ते तूच एका महिन्याची वही ठेवून बघ. माझा अंदाज असा की बुडालेल्या प्रॅक्टिकलांपैकी बहुतेक सरबराईपायी बुडाली आहेत. कार्यक्रम अधिकाऱ्यांना तसं सरळ सांग: "सर, शिबिराची आणि श्रमदानाची जबाबदारी माझी, पाहुण्यांची दुसऱ्या कुणाला द्या." चांगले सर हे समजून घेतात. त्यांनाही नापास झालेली गटप्रमुख नको असते.

सांस्कृतिक समिती या आठवड्यात सोड. तिथं तुझ्या जागी यायला दहा जण तयार असतील, आणि तू गेल्यानं कुणाचं अडणार नाही. नुसतं "वेळ नाही" म्हण, लांबलचक कारणं देत बसू नकोस.

रक्तदात्यांचा ग्रुप हे चांगलं काम आहे, म्हणून ते नीट सोपवून सोड. रात्री दीडला फोन येतो, अमुक दवाखान्यात बी निगेटिव्ह हवंय, आणि जांबोटीकडच्या गावातून तू बेळगावातल्या मुलांना उठवत बसतेस. हे काम शहरातल्या वसतिगृहात राहणाऱ्या कुणीतरी करायचं आहे. सोपवताना नुसती नावांची यादी देऊ नकोस. प्रत्येक दात्यापुढं रक्तगट आणि शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख हवी, कारण पुरुषाला दोन रक्तदानांत निदान तीन महिन्यांचं आणि बाईला चार महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. वय 18 च्या पुढं, वजन 45 किलोच्या वर, हिमोग्लोबिन निदान 12.5, हेही त्याच कागदावर लिही. आमच्याकडच्या कितीतरी मुली उत्साहानं शिबिराला जातात आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून परत येतात. त्यांना तिथून तसंच घरी पाठवू नये, डॉक्टरांना दाखवायला सांगावं. माझ्या मते ते रक्तदानाइतकंच मोलाचं आहे. नव्या मुलाला ई-रक्तकोषचं पोर्टलही दाखवून ठेव. कुठल्या रक्तपेढीत काय शिल्लक आहे ते तिथं बघता येतं, आणि मध्यरात्रीचे निम्मे फोन वाचतात.

आता तुझ्या शनिवारच्या मुलांविषयी. पत्रात तू त्यांना एका ओळीत उरकलंस, कारण तिथं पद नाही, प्रमाणपत्र नाही, फोटो नाही. पण चारांपैकी हेच काम असं आहे की ते तू कुणी सांगितलं म्हणून सुरू केलं नाहीस. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या पावसात जून ते सप्टेंबर शाळा कशी चालते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ओढे भरले की पोरं घरी, कधी शिक्षकच पोचत नाहीत, आणि चौथीतलं पोर सातवीला जातं तरी हातचा घेऊन वजाबाकी येत नाही. तिथं शनिवारी दोन तास बसणारी गावातलीच मुलगी म्हणजे काय, हे त्या मुलांच्या आयांना विचार. हा वर्ग ठेव. फक्त एक कर. दहावी-अकरावीतली एक मुलगी हाताशी घे आणि तुझ्या परीक्षेच्या महिन्यात वर्ग तिला घेऊ दे. पहिले दोन शनिवार बाजूला बसून बघ, मध्ये बोलू नकोस.

आणि इथूनच मला तुझ्या गटाकडं यायचं आहे. त्या दोन मुली निघून गेल्या याचं तुला वाईट वाटलं आहे, आणि पत्राच्या सुरावरून वाटतं की थोडा रागही आला आहे. तो राग सोडून त्या काय म्हणाल्या ते ऐक. तू त्यांना काम दिलं नव्हतंस, निरोप दिले होते. "जा गं, टिकाव आण." "जरा सरपंचांना फोन लाव." "पोरांची सही घे." निरोप्याला डोकं चालवायला जागाच नसते, मग तो कंटाळतो किंवा जातो. पुढचं शिबिर बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत असेल. त्या दोघींना आत्ताच घरी जाऊन भेट आणि म्हण, शिबिराचं स्वयंपाकघर पूर्ण तुमचं. पैसे त्यांच्या हातात दे. सात दिवस काय शिजवायचं, बाजार खानापुरातून करायचा की गावातल्या दुकानातून, चुलीपाशी कोण, वाढायला कोण, हे सगळं त्यांनी ठरवायचं. आमटी खारट झाली तर ती त्यांची खारट आमटी. तू जेवायला बस, एवढंच तुझं काम. हिशेब मात्र रोज संध्याकाळी सगळ्या गटापुढं वाचला गेला पाहिजे, आणि त्याला कुणी अपवाद नाही, तूही नाहीस. सेवेच्या कामात मैत्री तुटलेली मी पाहिली आहे ती बहुतेक पैशापायी, आणि बहुतेक वेळा पैसे कुणी खाल्लेले नव्हते, नुसते लिहिलेले नव्हते.

हे तुला अवघड जाईल, कारण तुला सगळं नीट व्हायला हवं असतं. पण आपल्या सीमाभागातली मराठी साहित्य संमेलनं बघ. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत ती भरतात. कुणी मोठी संस्था ती चालवत नाही. ग्रंथदिंडी एकांकडे, मंडप दुसऱ्यांकडे, जेवण तिसऱ्यांकडे, आणि जेवणाच्या रांगेत भाताचं पातेलं घेऊन उभा असलेला शेतकरी कुणाला विचारायला जात नाही की आता काय करू. गाव वर्षानुवर्षं ते निभावतं, कारण काम वाटून दिलेलं असतं आणि वाटून दिल्यावर कुणी त्यात बोट घालत नाही. पुढच्या हिवाळ्यात जवळच्या एखाद्या संमेलनाला जा आणि भाषणं सोडून मांडवामागं काय चालतं ते बघ.

शिबिरातलं कामही आधी विचारून ठरव. ऑगस्ट 2019 च्या पुरात मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा या नद्यांकाठची गावं पाण्यात गेली, निपाणीजवळ महामार्ग बंद पडला, आणि पाणी ओसरल्यावर मदतीचा ओघ सुरू झाला. किती ठिकाणी जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते! त्याच वेळी बायकांना पॅड हवे होते, जनावरांना वैरण हवी होती, विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर हवी होती. मनापासून पाठवलेली मदत होती ती, पण निघण्याआधी कुणी फोन करून विचारलं नव्हतं. म्हणून शिबिराच्या महिनाभर आधी दोघातिघांनी गावात जाऊन या. पंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटा, शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, आणि त्या दोघांनी सांगितल्यावर अंगणवाडीच्या बाईंना वेगळं विचारा, कारण गावात खरं काय अडतं ते बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असतं. जानेवारीत झाडं लावू नका. आपल्याकडं झाड जूनमध्ये लावायचं. जानेवारीत लावलेलं रोप फोटोपुरतं उभं राहतं आणि मार्चला वाळतं. शाळेच्या नळाखाली सांडपाणी साचत असेल तर एक शोषखड्डा खणा. दगड, विटांचे तुकडे, वाळू, एवढंच लागतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं डास कमी झाले की नाही ते जाऊन बघता येतं. तुझं कॉलेज टिळकवाडीकडं असेल तर काँग्रेस विहीर तू पाहिली असशील. डिसेंबर 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा लोकांच्या पाण्यासाठी ती खणली. मांडव उठले, विहीर राहिली. शिबिर संपताना मागं काय राहणार, हे गटात पहिल्याच बैठकीत बोला.

मे महिन्यात तुझी एनएसएसची दोन वर्षं भरतील आणि गटप्रमुखपद आपोआप दुसऱ्याकडं जाईल. तो कोण असेल ते आत्तापासून बघ. पहिल्या वर्षातला एक मुलगा किंवा मुलगी निवड आणि पीडीओंकडं जाताना, सरांशी बोलताना बरोबर ने.

बाबांचं बोलणं तुला लागलं आहे. फौंड्रीत दिवसभर भट्टीसमोर उभा राहणारा माणूस मुलीला बी.एस्सी.ला घालतो तेव्हा त्याच्या मनात एक हिशेब असतो, आणि नापास विषयानं तो हिशेब हलला आहे. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं 2023 पासून बायकांना सरकारी बसचं तिकीट पडत नाही, म्हणून तुझ्या येण्याजाण्याचा खर्च त्यांना दिसत नाही. त्यांना दिसतं ते एवढंच की मुलगी वस्तीच्या गाडीनं अंधारात येते. त्यांच्याशी वाद घालू नकोस, दोन गोष्टी कबूल कर आणि पाळ: वस्तीच्या गाडीच्या आधीच्या गाडीनं घरी, आणि केमिस्ट्री या खेपेला सुटणार. आणि शिबिराच्या समारोपाला त्यांना सुट्टी काढून यायला सांग. पुढारपण म्हणजे काय ते त्यांनी भाषणांतूनच पाहिलं आहे. मुलीनं खणलेला खड्डा त्यांनी पाहिलेला नाही.

कानडीविषयी. तू मराठी शाळेत शिकलीस म्हणजे कानडी विषय तुला होताच. अक्षरं येतात, वाचता येतं, फक्त बोलायला तोंड उघडत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तसंच राहू देण्यासारखंही नाही. बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात हा सीमाप्रश्न 1956 पासूनचा आहे, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. बैलहोंगलकडच्या बाईला तुमच्याकडं पाणी कुठून येतं हे विचारायला तोवर थांबता येत नाही. गटात कानडी मुली असतीलच. त्यांच्यातल्या एकीला म्हण, रोज डबा खाताना अर्धा तास तू माझ्याशी फक्त कानडीत बोल, मग अर्धा तास मी मराठीत. "ऊटा आतेन्री?" इथपासून सुरुवात कर, जेवलात का म्हणून विचारणाऱ्या पोरीला आपल्याकडं कुणी दारातून परत पाठवत नाही. मोडकंतोडकं बोललीस तर बायका हसतील, मग बसायला सांगतील. तुझी मराठी त्यानं तसूभरही कमी होणार नाही.

मुलाखतीची काळजी तू उगाच करतेस. अर्जात पदं लिहिणारे शेकडो असतात. समोर बसलेल्या माणसाला "गटप्रमुख, समिती सदस्य, समन्वयक" यातून काही कळत नाही. तू लिही: गावात दर शनिवारी वर्ग घेते, सुरुवातीला इतकी मुलं होती, आता इतकी येतात, इतक्यांना भागाकार येत नव्हता, त्यातल्या इतक्यांना आता येतो, इतक्यांना अजून नाही. शेवटचा आकडाही लिही. त्यावर ते दोन प्रश्न विचारतील आणि तुला पाठ केलेलं काही आठवावं लागणार नाही. यासाठी आजपासून वर्गाची एक वही ठेव, तारीख, हजर मुलं, काय शिकवलं. आणि एम.एस्सी.ला निवड आधी केमिस्ट्रीच्या गुणांवर होते, हे मी तुला सांगायला नको.

राहिला 1 नोव्हेंबर. इथं मी तुला अगदी स्पष्ट सांगते: सूत्रसंचालन करू नकोस, आणि खोटं कारणही सांगू नकोस. ताप आला, आजी आजारी आहे, असलं काही नाही. राज्यपुनर्रचनेच्या त्या दिवसापासून तुझ्या घरात काळी फीत लागते, आणि त्याच दिवशी चन्नम्मा चौकात हजारो लोक आनंदानं नाचतात. दोन्ही खरं आहे, दोन्ही आपल्याच गावात आहे. ज्या सणाचा आनंद तुझ्या घरात नाही तो माईकवरून दुसऱ्यांना वाटणं तुलाही जमणार नाही आणि ऐकणाऱ्यांनाही ते कळेल. सरांना एकटं भेट, चारचौघांत नको. म्हण, "सर, आमच्या घरी हा दिवस वेगळा पाळतात. मी मंचावर उभी राहणार नाही. कार्यक्रमात अडचण येऊ नये म्हणून हिचं नाव सुचवते." सर जरा नाराज झाले तर होऊ देत, खोटं पकडलं गेलं असतं तर त्याहून जास्त झाले असते.

गटप्रमुख म्हणून तुझी एक जबाबदारी मात्र त्या दिवशीही राहते. गटात दोन्ही भाषांची मुलं आहेत, आणि त्या आठवड्यात मोबाइलवर काय काय फिरतं ते आपण दर वर्षी बघतो. एनएसएसच्या ग्रुपवर त्याबद्दल कुणीच काही टाकायचं नाही, शुभेच्छाही नाहीत आणि निषेधही नाही, असं आधीच ठरवा. ज्याला जे करायचं ते त्यानं आपापल्या गल्लीत करावं. कुणी टाकलंच तर ते मराठी मुलानं टाकलं असेल तेव्हा तू बोल, कानडी मुलानं टाकलं असेल तेव्हा कानडी मुलीनं बोलावं.

सूत्रसंचालनासाठी ती डबा खाणारी मैत्रीण चालेल असं मला वाटतं. तिला आधी विचार, तिचा होकार घे, आणि मग सरांकडं जा. फार दिवस उरलेले नाहीत. तिलाही निवेदन लिहायला वेळ लागेल.

तुझी,
ताई